काटा मध्येच होता

वृद्धाश्रमाची पांढरी व्हॅन पाच वर्षांनी पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मिस्त्रीने तिच्याकडे धड बघितलंही नाही. बघायचं टाळायचं म्हटलं की माणसाला हजार कामं सुचतात. त्याने एका टॅक्सीच्या चाकाचे नट उगाचच दुसऱ्यांदा आवळले, हात पुसले, पुसलेले हात परत पुसले आणि मग कुठे चालकाला विचारलं, "काय म्हणतेय?"

चालक म्हणजे नवा चालक. पाच वर्षं झाली तरी आश्रमात सगळे त्याला नवाच म्हणत, कारण जुन्याला अजून कोणी विसरलं नव्हतं.

"सकाळी उठतच नाही हो. आमच्या सासरेबुवांसारखं आहे हिचं. एकदा उठली की दिवसभर हिंडते, पण उठवायला चार माणसं लागतात. पहिल्यापासूनच आळशी होती, पण या थंडीत कहरच झालाय."

"बॅटरी बघितली?"

"बॅटरी नवी, स्टार्टर नवा, प्लग नवे. मोठ्या वर्कशॉपने सगळं बदलून बघितलं आणि शेवटी हात वर केले. म्हणाले, इतक्या जुन्या गाड्या आम्ही घेत नाही. आणि तो पंखा! किल्ली फिरवली रे फिरवली की गरगरायला लागतो. कान किटले माझे."

"राहू दे रात्रभर इथे. पूर्ण गार झाली पाहिजे. सकाळी बघतो."

नवा चालक निघाला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. "तुमचं नाव आश्रमात अजून काढतात बरं का, मिस्त्री. सख्ख्या भावाची बाजू घेतली नाही म्हणतात. असा माणूस मिळत नाही."

मिस्त्री पुन्हा टॅक्सीकडे वळला. पूर्वी हे ऐकलं की त्याची मान जरा ताठ व्हायची. हल्ली नुसतीच अवघडायची.

जुना चालक म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे भोळ्या म्हणत. लहानपणी विसरभोळ्या होता, मोठेपणी नाव तेवढं आखूड झालं, स्वभाव होता तसाच राहिला. दूध आणायला जायचा आणि किटली दुकानातच ठेवून हात हलवत परत यायचा. स्वतःच्या लग्नात त्याने अंगठी खिशात ठेवली होती आणि शर्ट धोब्याकडे दिला होता. पण गाडी मात्र त्याने वीस वर्षं जिवापाड चालवली. आश्रमातली म्हातारी माणसं दवाखान्यात न्यायची आणि आणायची, एवढंच काम. प्रत्येकाचा हात धरून पायरी चढवायची, पट्टा लावायचा, पट्टा लागलाय की नाही ते ओढून बघायचं. यातलं तो काही कधी विसरला नाही.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. दवाखान्याकडे जाणाऱ्या चढावर गाड्यांची रांग लागलेली. व्हॅन अर्धा तास इंच इंच सरकत होती. एकाएकी बॉनेटमधून वाफेचा लोट आला, इंजिन जाम झालं, ब्रेकमधला जोर गेला आणि व्हॅन मागे घसरत जाऊन भिंतीवर आपटली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि मग गेल्या.

भोळ्या पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. "दादा, काटा मध्येच होता. मी बघत होतो. तापमानाचा काटा हललाच नाही रे."

आश्रमाच्या समितीने मिस्त्रीकडे लेखी मत मागितलं, कारण गाडीची देखभाल त्याच्याकडे होती. व्हॅन तोवर ओढून मोठ्या वर्कशॉपला नेलेली. मिस्त्रीने तिचं बॉनेट उघडून बघितलं नाही. बघायचं काय त्यात? तीस वर्षांत त्याने उकळलेली इंजिनं कमी पाहिली नव्हती, आणि भावाला तर जन्मापासून पाहत होता. त्याने लिहून दिलं, 'इंजिन जाम होण्याइतके तापण्यापूर्वी काटा लाल पट्ट्यात जातोच. चालकाचे लक्ष नसावे.' खाली सही केली. सही करताना त्याला फार वाईट वाटलं होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं होतं. आपण रक्ताच्या नात्यापुढेही खरं बोललो, असं वाटून.

भोळ्याची नोकरी गेली. मिस्त्रीचं नाव झालं. ज्या टॅक्सीचे नट तो आवळत होता ती टॅक्सी आणि तिच्यासारख्या आणखी दहा-बारा त्या नावावरच आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये हाडं गोठवणारा गारठा होता. मिस्त्रीने शटर वर केलं, व्हॅनचं बॉनेट उघडलं आणि इंजिनवर हात ठेवला. थंडगार. मग त्याने डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडला आणि किल्ली फिरवली. समोरचा पंखा लगेच गरगरायला लागला.

स्कॅनरने एकही दोष दाखवला नाही. सगळं आलबेल. मिस्त्रीने एकेक आकडा चाळायला सुरुवात केली. हवेचं तापमान अकरा. बॅटरी ठीक. इंजिनच्या पाण्याचं तापमान चौऱ्याऐंशी.

त्याने पुन्हा इंजिनवर हात ठेवला. मग पुन्हा आकडा बघितला. चौऱ्याऐंशी.

"असं होय," तो स्वतःशीच म्हणाला आणि क्षणभर खूशही झाला. दुखणं सापडलं की कुठल्याही कारागिराला बरं वाटतं. इंजिन गार असलं की त्याला सुरू व्हायला जास्त पेट्रोल लागतं, आणि ते किती सोडायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो तो एका बोटभर सेन्सरच्या भरवशावर. इथे सेन्सर सांगत होता की इंजिन मस्त तापलेलं आहे. मग पेट्रोल मिळणार कसं आणि गाडी उठणार कशी? बॅटरी आणि प्लग बदलून काय उपयोग? मोठ्या वर्कशॉपवाल्यांना मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या देत तो टॉर्च घेऊन वाकला. सेन्सर पार मागच्या बाजूला, हात कसाबसा पोचेल अशा जागी होता.

त्याने सेन्सरचा प्लग काढला. आता आकडा पडायला हवा होता. आकडा ढिम्म हलला नाही. चौऱ्याऐंशी.

म्हणजे सेन्सर बोलतच नव्हता. त्याच्या नावावर दुसरंच कोणीतरी बोलत होतं.

मिस्त्री बोटांनी वायर चाचपत मागे मागे गेला. वीतभर अंतरावर वायरिंगला एक फुगवटा लागला. त्यावर काळी टेप, उष्णतेने कडक झालेली. आणि टेपवर मेण लावलेला दोरा, दोन गाठी मारून पक्का केलेला.

त्याचा हात तिथेच थांबला.

टेपचा डिंक उष्णतेने सुटतो, म्हणून वरून मेणाचा दोरा बांधायचा, ही त्याचीच खोड. दुसरं कोणी एवढा उपद्व्याप करत नसे. इतर मिस्त्री त्यावरून त्याची थट्टा करत, म्हणत की हा वायरींना वेण्या घालतो.

त्याने ब्लेडने दोरा कापला. आत एक रेझिस्टर होता, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, दोन तारांच्या मध्ये नीट डाग देऊन बसवलेला. तो तारेतली वीज एका मापात अडवून धरतो. इंजिन गार असो, उकळत असो, हा पठ्ठ्या कॉम्प्युटरला आणि काट्याला एकच सांगणार, सगळं ठीक आहे. डाग इतका सुबक होता की दुसऱ्या कोणाचा असता तर मिस्त्रीने शाबासकी दिली असती.

आता सगळं आठवलं, आणि आठवू नये असं वाटत असताना आठवलं. अपघाताच्या आधीच्या हिवाळ्यात सेन्सर बाद झाला होता. नवा यायला दोन दिवस होते आणि भोळ्याला दुसऱ्याच दिवशी सकाळी चार म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्याच सकाळी मिस्त्रीच्या बायकोचं ऑपरेशन होतं. त्याने घाईघाईत हा जुगाड केला आणि भावाला सांगितलं, "तात्पुरतं केलंय. गुरुवारी घेऊन ये." काय केलंय ते सांगितलं नाही. त्याला काय कळणार होतं? आणि तो पंखा! रेडिएटरचा पंखाही त्याच सेन्सरच्या हुकमावर फिरतो. सेन्सर पंच्याण्णव म्हणेल तेव्हा पंखा सुरू होणार. चौऱ्याऐंशीवर थिजलेली गाडी पंख्याला कधी हाक मारणारच नव्हती. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने भागून गेलं असतं. चढावरच्या रांगेत कसं भागणार? शिकाऊ पोराच्याही लक्षात आलं असतं ते, आणि त्या दिवशी तीस वर्षं मुरलेल्या माणसाच्या मनाला ते शिवलं नव्हतं.

गुरुवारी भोळ्या आला होता. शटर बंद होतं, कारण मिस्त्री दवाखान्यात होता. पुढे पंधरा-वीस दिवसांनी भोळ्याने आठवणही केली होती. जन्मात काही लक्षात न ठेवणाऱ्या माणसाने आठवण केली होती. "दादा, ते गुरुवारचं राहिलं बघ." आणि दादा म्हणाला होता, "चालतेय ना? मग झालं तर."

तरीही माणसाला आशा सुटत नाही. कदाचित पाण्याच्या पंपाचा पट्टा आधीच तुटला असेल, कदाचित पाणी गळत असेल, कदाचित काटा हलला असेलही. मिस्त्री कामाला लागला. त्याने पंख्याची थेट जोडलेली वायर काढून टाकली. ती मोठ्या वर्कशॉपने जोडली होती, म्हणजे पंखा चालत नाही हे त्यांना दिसलं होतं, का चालत नाही हे विचारायची तसदी कोणी घेतली नव्हती. वर्कशॉप मोठं, विचार तेवढा लहान. पण आज त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार, असंही त्याला वाटलं. त्याने रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला, मोठ्या मुश्किलीने इंजिन सुरू केलं, दार उघडं ठेवून चालकाच्या जागी बसला आणि काट्याकडे बघत राहिला.

काटा क्षणात मध्यावर गेला आणि थांबला.

दर दोन मिनिटांनी उतरून तो लांबून तापमान दाखवणारं पिस्तूल इंजिनवर रोखायचा. सत्तर. नव्वद. काटा मध्येच. अठ्ठ्याण्णव. रबराच्या नळ्या फुगून टणक झाल्या. काटा मध्येच. एकशे चार. गरम लोखंडाचा वास यायला लागला. एकशे आठ. झाकणातून पहिली शिट्टी वाजली. मिस्त्री पुन्हा आत जाऊन बसला आणि भाऊ बघत असेल तसा, दोन्ही हात चाकावर ठेवून, बघू लागला.

काटा मध्येच होता.

त्याने किल्ली बंद केली. इंजिन थांबल्यावरही बराच वेळ आतलं पाणी गुरगुरत होतं. त्याला रडू आलं नाही.

सेन्सर बदलायला अर्धा तास पुरला. इंजिन निवल्यावर त्याने थोडं पाणी काढलं, एकोणीसच्या पान्याने जुना सेन्सर सोडवला, नवीन वॉशर घालून नवा बसवला, वायर सरळ जोडली, पंख्याची जोडणी मुळात होती तशी केली, पाणी भरून हवा काढली. मग इंजिन सुरू केलं. काटा हळूहळू चढला, मध्याच्या जरा वर गेला, पंखा आपणहून सुरू झाला आणि काटा परत खाली आला. पाच वर्षांपूर्वीही हे काम एवढंच होतं.

दुपारी तो घरी गेला, तेव्हा बायको धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्याने रेझिस्टर टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाच वर्षं ती एकटीच म्हणत आली होती, की भाऊजी विसरतात, पण खोटं बोलत नाहीत, आणि या दोन्हींत फरक आहे. आता ती जिंकली होती, पण तिच्या तोंडावर त्याचं काही नव्हतं.

"त्या वेळी तुझं ऑपरेशन होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं," तो म्हणाला.

"माझ्या दुखण्यावर ढकलू नका," ती म्हणाली. "सोळा दिवसांनी मी घरी आले. त्यानंतर चार महिने होते तुमच्याकडे."

त्याने टेबलावरचा रेझिस्टर उचलून खिशात ठेवला.

"आश्रमाला सांगाल?"

"उद्या लिहून देतो. काम जाईल. टॅक्सीवालेही जातील बहुतेक."

"जाऊ देत. आधी भाऊजींकडे जा. आज. आत्ता." मग ती घातलेली घडीच पुन्हा उलगडून घालू लागली. "माझा निरोप सांगा म्हणावं तर तोंड नाही मला."

भोळ्या आता शहराबाहेरच्या एका शीतगृहात कामाला होता. फळं आणि औषधं साठवायची थंड गोदामं, आणि त्यांच्या कडेला एक अरुंद खोली. त्या खोलीत भिंतीवर आठ गोल डायल, खाली एक टेबल, टेबलावर नोंदवही आणि एक घंटा. दर अर्ध्या तासाने घंटा वाजायची, की आठही काटे बघून वहीत लिहायचे, एवढंच काम. काट्याकडे लक्ष नाही म्हणून ज्याला काढलं, त्याने काटे बघायचीच नोकरी शोधली होती. मिस्त्रीला ही बातमी लागली तेव्हा त्याला ते थोडं विनोदीही वाटलं होतं. आता दारात उभं राहिल्यावर नाही वाटलं.

भोळ्या जाड स्वेटर घालून ताठ बसला होता. पार वाळला होता. केस सगळे पांढरे झाले होते, दादाच्याही आधी.

"दादा?" तो उठला आणि मग डायलकडे एक नजर टाकून परत बसला. "वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्याशी बोलायचंय."

"बोल ना. फक्त घंटा झाली की मी उठेन हं. एकदा बघायचं असतं. मी दोनदा बघतो."

मिस्त्रीने मूठ उघडली. "हे आज व्हॅनमध्ये सापडलं. मी बसवलं होतं. त्या गुरुवारच्या आधी. याच्यामुळे काटा हलत नव्हता. आज मी इंजिन उकळून बघितलं. काटा मध्येच होता, भोळ्या. तू खरं सांगत होतास. चूक माझी होती, सगळी माझी."

भोळ्याने ते दाण्याएवढं काहीतरी बोटांत धरलं, उजेडाकडे नेलं, परत दिलं. मग तो हसला. लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसा.

"असू दे रे, दादा."

"असू दे काय? कळलं का मी काय म्हणालो?"

"कळलं. तू आता माझ्यासाठी खोटं बोलायला लागलास. वहिनीने पाठवलं ना तुला? पण गरज नाही. काटा लाल होता."

मिस्त्रीने रेझिस्टर पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"खरंच लाल होता," भोळ्या शांतपणे म्हणाला. "पहिलं वर्षभर मला मध्येच दिसायचा. डोळे मिटले की मध्येच. वेड लागायची पाळी आली होती. मग म्हटलं, दादाने लिहून दिलंय. दादा गाड्यांच्या बाबतीत कधी चुकलाय? मी रोज तो चढ आठवायचो, अगदी पहिल्यापासून. पुढची बस, बाईंचा खोकला, उन्हाची तिरीप. आणि एके दिवशी दिसला. लाल पट्ट्यात. इतका स्पष्ट, की आधी कसा दिसला नाही असं वाटलं. मी कुठेतरी दुसरीकडेच बघत होतो, दादा. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. मग बाईंच्या मुलीकडे जाऊन पाय धरले. सांगितलं, माझं लक्ष नव्हतं. तिने माफ केलं मला."

"तू कशाची माफी मागितलीस?" मिस्त्रीचा आवाज फाटला. "ती माफी माझी होती. तो काटा लाल नव्हता. होऊच शकत नव्हता. मी आज डोळ्यांनी बघितलंय. तुला जे दिसतंय ते मी लिहिलं म्हणून दिसतंय!"

भोळ्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने भावाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. खोटं बोलताना दादाची नजर खाली जाते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. ती खाली गेली नव्हती.

"म्हणजे मध्ये होता?"

"हो."

"पण मला लाल दिसतो. आत्ताही दिसतोय."

मिस्त्री त्याच्या खांद्याला हात लावायला पुढे झाला, पण तेवढ्यात घंटा वाजली. भोळ्या सवयीने उठला, वही उघडली, पेन घेतलं आणि पहिल्या डायलसमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. डोळे मिटले, उघडले. पेन कागदावर टेकलं, पण त्याने काही लिहिलं नाही.

"दादा," तो मागे न वळता म्हणाला, "हा काटा कुठे आहे, ते जरा तू सांग."